हिरवा माणूस चालत होता

मी पोलिसांना खोटी जबानी दिली, आणि ती देताना माझ्या मुलीचं नाव घेतलं. हे आधी लिहिलं नाही तर मोडलेल्या पायाबद्दल मी पुढे जे लिहिणार आहे त्याला काही अर्थ राहणार नाही.

आज मी चालतो, काठीशिवाय. थंडीत नडगी ठणकते आणि जिना उतरताना कठड्याला हात जातो, पण चालतो. डॉक्टरांनी एकदा ज्या पायाबद्दल 'वाचवायचा प्रयत्न करू' असं म्हटलं होतं, त्याच पायाने मी रोज ऑफिसला जातो. रस्ता ओलांडताना गाडीखाली सापडलेला माणूस ज्या घरात पलंगावर पडून असेल, त्या घरासाठी हे लिहितो आहे. पाय कसा भरून येतो ते डॉक्टर सांगतील. बाकीचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

सुरमई

आम्ही दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरमधल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. मी एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे, मूळचा कोपरगावचा. बायको शुभदा अलिबागची, त्यामुळे आमच्याकडे रविवार म्हणजे मासे. त्या रविवारी मी आणि आमची मुलगी सई चालत आयएनए मार्केटला गेलो होतो. सई तेव्हा अकरावीत होती. जन्मापासून दिल्लीत वाढलेली, त्यामुळे तिच्या मराठीत हिंदी कुठून शिरते ते तिलाही कळत नाही.

परत येताना सिग्नलला चालणाऱ्यांसाठीचा दिवा लाल होता. मी नेहमीसारखा उतरायला निघालो. सईने माझी बाही धरली.

"बाबा, रुक ना यार! रेड आहे, दिसत नाही का?"

"अगं, एकही गाडी नाहीये."

"मग काय झालं? आपला नंबर येऊ दे ना."

आम्ही थांबलो. तिला हसू येत होतं, कारण माझ्या हातातल्या पिशवीतून सुरमईचं शेपूट बाहेर डोकावत होतं आणि शेजारी उभ्या असलेल्या बाई नाकाला ओढणी लावून आमच्याकडे बघत होत्या. मग दिव्यातला हिरवा माणूस चालायला लागला.

"चल, आता चल," सई म्हणाली.

आम्ही झेब्रा क्रॉसिंगवर उतरलो. ती माझ्या डावीकडे होती. मोठ्या रस्त्यावरून आम्ही चाललो होतो त्याच दिशेने जाणारी एक पांढरी गाडी न थांबता डावीकडे वळली आणि मागून, उजव्या बाजूने माझ्यावर आली. आवाज आठवत नाही. डांबराचा वास आठवतो, आणि सईची किंकाळी. मान वळवली तर माझा उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता. सुरमई पांढऱ्या पट्ट्यावर पडली होती. मी सईला पहिलं वाक्य बोललो ते असं: "मासे उचल, कुत्री नेतील."

नंतर आम्ही या वाक्यावर खूप हसलो. पण खूप नंतर.

सईच्या कोपराला खरचटलं होतं, तेवढंच. तिने मोबाईल काढून गाडीच्या नंबराचा फोटो घेतला. कुणी सांगितलं नव्हतं. एवढं भान मला त्या वयात नव्हतं आणि त्या दिवशीही नव्हतं.

जबानी

ज्याने धडक दिली त्यानेच मला त्याच्या गाडीतून हॉस्पिटलला आणलं, हे सांगितलं पाहिजे. पळून गेला नाही. अंकित नाव, तेवीस-चोवीस वर्षांचा. रस्ताभर "अंकल, सॉरी, अंकल, सॉरी" एवढंच म्हणत होता.

इमर्जन्सीत मला सुई टोचली, पायाला फळी बांधली. तोवर अंकितचे वडील पोचले होते. ते माझ्या स्ट्रेचरशी आले आणि त्यांनी हात जोडले.

"साहब, लड़के का सरकारी नौकरी में सिलेक्शन हुआ है। जॉइनिंग आने वाली है। केस बन गया तो वेरिफिकेशन अटक जाएगा। आप तो ख़ुद सरकारी आदमी हैं, आप समझते हैं।"

समजत होतं. ते माझंच काम आहे. नव्याने भरती झालेल्या मुलांच्या पोलीस पडताळणीच्या फायली माझ्या टेबलावर येतात. कुणाची फाईल किती महिने अडकून पडते हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"और साहब," ते हळूच म्हणाले, "लेफ्ट तो फ्री होता है ना।"

हे मला पटलं. दिल्लीत गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला पटेल. डावीकडे वळायला थांबायचं नसतं, वळणावर जो चालतो आहे त्याने सांभाळायचं असतं, असंच मी वीस वर्षं मानत आलो होतो. त्याच सिग्नलला डावीकडे वळताना चालणाऱ्यांवर मी स्वतः हॉर्न वाजवले होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांना काच खाली करून "दिखता नहीं?" असंही विचारलं होतं. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या मला वाटलं, बरोबर आहे, आपणच बघायला हवं होतं.

पोलीस आला. त्याने विचारलं, "गाड़ी दिखी नहीं आपको?"

अंकितचे वडील बघत होते. मला मोठेपणा दाखवायचा होता, हे कबूल करतो. त्या स्थितीतही, पाय फळीला बांधलेला असताना, समोरच्या माणसाच्या डोळ्यांत उदार दिसायचं होतं. आणि 'मी बघितलं नाही' एवढं साधं वाक्य बोलायची लाज वाटली. म्हणून मी म्हणालो, "बेटी जल्दी में थी। सिग्नल होने से पहले ही उतर गई। उसके पीछे मैं बिना देखे उतर गया। लड़के की कोई गलती नहीं।"

पोलिसाने लिहिलं, मी सही केली. अंकितच्या वडिलांनी माझ्या पायांना हात लावला, चांगल्या पायाला.

सई पडद्याच्या पलीकडे उभी होती. तिने त्या पोलिसाला फोटो दाखवायला मोबाईल पुढे केला. तो म्हणाला, "रहने दो बेटा, पापा ने बता दिया।"

वॉर्ड

नडगी दोन जागी मोडली होती. ऑपरेशन झालं, आत सळई बसली. शुद्धीवर आलो तेव्हा मला वाटलं, संपलं. ती तर सुरुवात होती.

वॉर्डची सकाळ फिनाईलच्या वासाने उजाडते. मग चहा, मग ताप बघणारी सिस्टर, मग डॉक्टरांचा राउंड. राउंडमध्ये मोठे डॉक्टर तुमच्या पायाशी बोलतात, तुमच्याशी बोलत नाहीत. पहिल्यांदा मला राग आला. नंतर सवय झाली. पायाशी बोलून झालं की एखाद दिवशी ते माझ्याकडे बघून हसायचे आणि तो दिवस चांगला जायचा. इतक्या लहान गोष्टींवर माणूस दिवस काढतो.

बेडपॅन मागायची लाज सगळ्यांना वाटते. ती तिसऱ्या वेळेला जाते. हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, म्हणून सांगतो.

शेजारच्या खाटेवर सोनीपतचे एक आजोबा होते, सगळे त्यांना ताऊ म्हणायचे. मोटरसायकलने उडवलं होतं, खुबा मोडलेला. ते रोज सकाळी मला विचारायचे, "हाँ बाबूजी, सरकार खड़ी हुई के नहीं?"

"अभी नहीं, ताऊ।"

"कोई बात नहीं। लेटी सरकार भी तनखा तो लेवै ही सै।"

सगळा वॉर्ड हसायचा. हसताना टाके दुखायचे, तरी मी त्यांच्या तोंडाकडे बघत पुढच्या वाक्याची वाट बघायचो.

शुभदा शाळेत शिकवते. शाळा सुटली की डबा घेऊन यायची, संध्याकाळी सई यायची. सई बोलायची कमी. मला वाटलं, घाबरली आहे, होईल ठीक. माझं सगळं लक्ष माझ्या पायाकडे होतं. आजारी माणूस फार स्वार्थी होतो.

'प्रयत्न करू'

घरी आल्यावर काही आठवड्यांनी जखमेतून पाणी यायला लागलं, मग ताप. पुन्हा ॲडमिट. तपासण्यांनंतर डॉक्टर खाटेच्या कडेला बसले. आजवर ते कधी बसले नव्हते, म्हणून मला आधीच कळलं.

"हड्डी में इन्फेक्शन है," ते म्हणाले. "सळई काढावी लागेल, साफ करावं लागेल. पाय वाचवायचा प्रयत्न करू." ते नागपूरचे निघाले, पुढचं सगळं त्यांनी मराठीत सांगितलं. आपल्या भाषेत ऐकलं की भीती जास्त लागते, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या संध्याकाळी सई एकटीच माझ्याजवळ बसली होती. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाबा, मी 'चल' म्हटलं नसतं ना, तर हे झालंच नसतं."

मला बोलायचं होतं. 'अगं, तू तर मला थांबवलं होतंस, हिरवा झाल्यावरच आपण उतरलो,' एवढंच. ते बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता: मग पोलिसांना तसं का सांगितलंस? मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गप्प राहिलो. तिने त्याचा अर्थ काय घेतला असेल ते मला कळत होतं. तरी गप्प राहिलो.

पहिलं खोटं मी औषधाच्या गुंगीत बोललो असं म्हणून सुटता येईल. या गप्प बसण्याला तसं काही कारण नाही.

रेहाना

दुसरं ऑपरेशन झालं. पायाच्या बाहेरून लोखंडी कड्या आणि सळया, एखाद्या मचाणासारखं. शिरेतून औषधं. घरी पलंगावर पडून मी छतावरचा पंखा पाठ केला.

त्या दिवसांत रेहाना आली. ती धाराशिव जिल्ह्यातली, लातूरला वकिलीची पदवी घेतलेली, मुनिरकाला खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करते. आमच्या गणपतीत ओळख झाली तेव्हापासून शुभदाच्या हातच्या जेवणासाठी महिन्यातून एखादा रविवार येते. सई तिला रेहानाताई म्हणते.

जेवताना ती सहज म्हणाली, "काका, केस कुठवर आली?"

"केस नाही केली. चूक माझीच होती. लेफ्ट फ्री असतो, मीच बघायला हवं होतं."

तिने घास खाली ठेवला. "कुणी सांगितलं लेफ्ट फ्री असतो?"

"अगं, सगळ्या दिल्लीला माहीत आहे."

"सगळ्या दिल्लीला चुकीचं माहीत आहे, काका. लाल दिव्याला थांबायला नको अशी सूट कुठे असली, तरी झेब्रावर माणूस असेल तर गाडीने थांबायचंच. वळताना तर आधी चालणाऱ्याला जाऊ द्यायचं. हा नियम आहे, कुणाची मेहेरबानी नाही. तुम्ही झेब्रावर होता ना?"

"हो."

"आणि सिग्नल?"

सई ताट घेऊन उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

रेहानाने मग सांगितलं ते मी इथे माझ्या शब्दांत लिहितो, कारण तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गुन्ह्याचा खटला वेगळा आणि भरपाईचा दावा वेगळा. भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण असतं, आणि गाडीचा विमा असेल तर पैसे विमा कंपनी देते. अपघाताचा अहवाल पोलिसांनी त्या न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो आणि त्याची प्रत मागायचा तुम्हाला हक्क असतो. चालणाऱ्याची थोडी चूक निघाली तरी दावा मरत नाही, भरपाई तेवढ्या प्रमाणात कमी होते. पण मुदत असते, म्हणून 'आधी बरे होऊ, मग बघू' म्हणत बसायचं नाही. आणि हॉस्पिटलच्या खाटेवर, औषधांच्या गुंगीत, कुणाच्या जोडलेल्या हातांकडे बघून सही करायची नाही.

"मी केली," मी म्हणालो.

"मग आता जबानी दुरुस्त करायला अर्ज द्या. खरं काय झालं तेवढंच लिहा."

रेहाना गेल्यावर शुभदा माझ्या पलंगाशी येऊन बसली. "अहो, एक विचारू? सई आता कुठलाच रस्ता ओलांडत नाही, माहीत आहे का तुम्हाला? समोरच्या केमिस्टकडे जायला रिक्षा करते. मेट्रो स्टेशनच्या भुयारातून वळसा घालून क्लासला जाते. काल विचारलं तेव्हा म्हणाली, 'आई, मी म्हटलं की लोक मरतात.'"

मी पंख्याकडे बघत राहिलो.

"त्या दिवशी खरं काय झालं?"

मी सांगितलं. सगळं, त्या बाईंच्या ओढणीसकट. शुभदा रडली नाही, ओरडलीही नाही. तशी ती ओरडते, म्हणून मी जास्त घाबरलो.

"जाऊ दे ना आता," मी म्हणालो. "कशाला कोर्ट? मी बरा झालो की सगळं..."

"तुम्ही व्हाल हो बरे," ती म्हणाली. "ती कशी होणार?"

उभं राहणं

फिजिओथेरपिस्ट रोहतकची होती. आवाज असा की गल्लीतले कुत्रे गप्प व्हायचे. कड्या काढल्यावर पहिल्याच दिवशी तिने मला वॉकरवर उभं केलं आणि मी मटकन खाली बसलो.

"सर, देश चला लेते हो, टाँग नहीं चलती?"

"देश मैं नहीं चलाता, मैडम। फाइल चलाता हूँ।"

"तो टाँग को भी फाइल समझो। आज एक टेबल से दूसरी टेबल तक।"

पलंगापासून खिडकीतल्या टेबलापर्यंत मी ज्या दिवशी गेलो, त्या दिवशी शुभदाने घरात शिरा केला. शेजारच्या क्वार्टरमधल्या तमिळ मामी वाटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "टुडे बर्थडे?" शुभदा म्हणाली, "यस!" मला ते खरंच तसं वाटलं.

त्याच आठवड्यात जखम पूर्ण कोरडी असल्याचं डॉक्टर म्हणाले. राउंडच्या वेळी पायाशी बोलणारे डॉक्टर त्या दिवशी पाय सोडून माझ्याशी बोलले. "वाचला," एवढंच. मी बाहेर येऊन बाकावर बसलो आणि शुभदाच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्याने रडलो. येणारेजाणारे बघत होते. बघू देत.

मग मी वॉकर घेऊन पोलीस चौकीत गेलो आणि नवी जबानी दिली. अंकितच्या वडिलांचा फोन आला.

"साहब, आपने ज़ुबान दी थी।"

"दी थी। मेरी बेटी से पूछे बिना दी थी, वो भी उसके नाम पर।"

ते बराच वेळ बोलत राहिले, मी ऐकत राहिलो. शेवटी मी त्यांना सांगितलं की अंकितच्या पडताळणीच्या फॉर्ममध्ये हे प्रकरण जसं आहे तसं लिहा. इतकी वर्षं त्या फायली बघतो आहे. मुलांना नोकरीला मुकवतं ते बहुतेक वेळा लपवणं. स्वतःहून लिहून दिलेल्या अपघाताला वेळ लागतो, पण वाट निघते. हे बोलताना माझाच आवाज मला ऐकू येत होता. अंकित उशिरा, पण रुजू झाला. ते कळल्यावर मला झोप चांगली लागली.

'पहले'

न्यायाधिकरणाच्या खोलीत सिनेमातल्यासारखं काही नव्हतं. लाकडी बाकं, एसीचा घरघराट, आणि आमच्यासारखीच माणसं: कुणाचा हात, कुणाचा पाय, कुणाच्या मांडीवर कुणाचा तरी फोटो. मी काठी टेकत साक्ष द्यायला गेलो. मागच्या बाकावर शुभदा, सई आणि अभ्यास सोडून आलेली रेहाना होती. आमचे वकील कायदेशीर मदतीच्या पॅनेलवरचे, शांत गृहस्थ. त्यांनी मला एकच सूचना दिली होती: "जितना पूछें उतना ही।"

विमा कंपनीचे वकील माझी जुनी जबानी हातात धरून उभे राहिले.

"यह साइन आपके हैं?"

"जी।"

"इसमें आपने कहा कि बेटी सिग्नल से पहले उतर गई। आज आप कह रहे हैं कि सिग्नल हरा था। तो झूठ कब बोला, पहले या आज?"

"पहले।"

त्यांना हे उत्तर इतक्या लवकर अपेक्षित नसावं. त्यांनी चष्मा वर केला. "यानी आप मानते हैं कि पुलिस के सामने आपने झूठ बोला?"

"मानता हूँ। सिग्नल हरा था। मैं तो लाल में ही उतर रहा था, बेटी ने मुझे पकड़ के रोका। उसने हरा होने पर ही चलने को कहा।" आमच्या वकिलांनी डोळ्यांनीच 'पुरे' म्हटलं, पण मी थांबलो नाही. "मुझे लड़के पर दया आई और ख़ुद पर शर्म। तो मैंने सारा बोझ बच्ची पर डाल दिया।"

न्यायाधीश बाईंनी मान वर करून मागच्या बाकाकडे पाहिलं.

मग सईची साक्ष झाली. ती घाबरेल असं मला वाटलं होतं. ती ताठ उभी राहिली. तिने काढलेला फोटो दाखल झाला होता: गाडीचा नंबर, गाडीचं पुढचं चाक झेब्रावर, आणि चाकापासून हातभर अंतरावर पांढऱ्या पट्ट्यावर आडवी पडलेली सुरमई.

"यह क्या है?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मैम, हमारी फिश।"

खोलीत हसू पसरलं. न्यायाधीशही हसल्या. पण ती मासळी पट्ट्यावर होती, म्हणजे आम्हीही पट्ट्यावर होतो, हे नोंदलं गेलं. मार्केटच्या कॅमेऱ्यात दिवा दिसत नव्हता. मी एकदा खोटं बोललो होतो, त्यामुळे दिव्यासाठी सईचाच शब्द उरला होता, आणि विमा कंपनीच्या वकिलांनी तो चारी बाजूंनी ओढून पाहिला. तिने प्रत्येक वेळी तेच सांगितलं: "हरा था। हरा वाला आदमी चल रहा था। मैंने देखके ही बोला था।"

अंकितला विचारलं तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "मुझे लगा लेफ्ट फ्री है।"

निकाल आमच्या बाजूने लागला. रक्कम इथे लिहीत नाही. उपचारांचा खर्च निघाला, पगार बुडाला तो भरून आला, आणि पायात कायमचं जे उणं राहिलं त्याचाही विचार झाला. मला निकालातलं एक वाक्य मात्र पाठ आहे, कारण ते मी घरी मोठ्याने वाचलं: अपघाताला गाडीचा चालक जबाबदार, आणि पायी चालणाऱ्यांकडे कसलाही दोष जात नाही. पायी चालणाऱ्यांकडे, अनेकवचनी. त्यात सईही होती.

रेहाना म्हणाली, "काकू, आता तरी सुरमई?"

सिग्नल

म्हणून त्या रविवारी सई आणि मी पुन्हा आयएनएला निघालो. शुभदा मुद्दाम आली नाही. जाताना आम्ही भुयारातून गेलो. मी वरून जायचा आग्रह केला नाही. मासेवाल्याने मला ओळखलं, काठीकडे बघितलं आणि तुकडे करताना शेपटाकडचा भाग फुकट टाकला.

परतताना मी म्हणालो, "वरून जाऊ या?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली.

सिग्नलला लाल होता. आम्ही उभे राहिलो. हिरवा माणूस लागला. ती हलली नाही. मी झेब्रावर पहिलं पाऊल टाकलं, उजवा पाय आधी, आणि मान मागे वळवली. एक लाल गाडी डावीकडे वळायला आली होती. मी काठी रस्त्याला आडवी धरली, दुसरा हात वर केला आणि त्या माणसाच्या डोळ्यांत बघितलं. त्याने हॉर्न वाजवला. मी हललो नाही. तो थांबला. त्याच्या मागची थांबली, तिच्या मागची थांबली. मागून पेंप-पेंप सुरू झालं.

"सई," मी म्हणालो, "तू सांग, मग निघतो."

तिने दिव्याकडे बघितलं. गाडीकडे बघितलं. पुन्हा दिव्याकडे.

"चल," ती म्हणाली.

आम्ही ओलांडला तो रस्ता. लंगडत, हळू, दिवा लुकलुकायला लागेपर्यंत, सगळ्या लेफ्ट-फ्री दिल्लीला थांबवून. पलीकडच्या फुटपाथवर चढलो तेव्हा मला मोठ्याने ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलोही, "झालं!" एक शेंगदाणेवाला दचकला. सई हसत होती आणि डोळे पुसत होती.

मग ती हसायची थांबली. "बाबा, एक बोलू? कोर्टात तू सगळं सांगितलंस. मॅडमला सांगितलंस, त्या वकिलाला सांगितलंस, पोलिसाला पण." तिने माझ्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली. "मला नाही सांगितलंस."

खरं होतं. मी काठी भिंतीला टेकवली, कारण हे दोन्ही पायांवर उभं राहून बोलायचं होतं.

"सई, त्या दिवशी तू मला थांबवलंस, आणि हिरवा झाल्यावरच 'चल' म्हणालीस. तुझं काही चुकलं नव्हतं. मी खोटं बोललो आणि तुझं नाव घेतलं. नंतर तू हॉस्पिटलमध्ये स्वतःला दोष दिलास तेव्हा मला खरं सांगता येत होतं, तरी मी गप्प बसलो, आणि तू इतके दिवस ते ओझं वाहिलंस. माझं चुकलं, बाळा. मला माफ कर."